चौथ्या सहीची ओळ

शिकाऊ उमेदवारीच्या छापील करारनाम्यावर तीन सह्यांची जागा असे. वर उमेदवाराची, मग त्याच्या पालकाची, मग मालकाची. त्याखाली आमच्या कार्यालयाचा गोल शिक्का. ऐंशीच्या दशकात चंद्रपूर आणि तेव्हा नुकत्याच वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हे करारनामे करून घेणं आणि ते पाळले जातात की नाही हे पाहत फिरणं, हे माझं काम होतं. पदाचं नाव लांबलचक होतं. लोक 'उमेदवारीवाल्या बाई' म्हणत. त्यात काही कमी पडत नव्हतं, म्हणून मीही कधी दुरुस्त केलं नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयटीआयमधून पास होऊन बाहेर पडलेल्याला हत्यारांची नावं येतात, काम येत नाही. काम येण्यासाठी कोणाच्या तरी हाताखाली वर्षभर राहावं लागतं. कायदा असा, की ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याने असे उमेदवार ठेवून घ्यायचे, धंदा शिकवायचा, दरमहा विद्यावेतन द्यायचं. आठवड्याला काय शिकवलं ते नोंदवहीत लिहायचं. वर्ष संपलं की परीक्षा, आणि पास झाला तर देशात कुठेही चालणारं प्रमाणपत्र. वर्षानंतर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही आणि तिथेच राहण्याचं बंधन उमेदवारावर नाही. हे शेवटचं वाक्य मी दोन्ही बाजूंना आवर्जून सांगायची. ते दोन्ही बाजूंना आवडत नसे.

मालकांचं म्हणणं ठरलेलं होतं. शिकवायचं आम्ही आणि कमावणार दुसऱ्याकडे, मग आम्ही शिकवायचं कशाला? म्हणून काहीजण उमेदवार ठेवून घेत, पण शिकवत नसत. कुरखेड्याच्या एका आरागिरणीत सुतारकामाचा उमेदवार तीन महिने काट्यावर मोहफुलं मोजून देत होता. मालकाचा तो जोडधंदा होता. मी विचारलं तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, "बाई, काटा धरनं बी शिकाच लागते." मी त्यांना सांगितलं की काटा धरण्याची परीक्षा सरकार घेत नाही, आणि रंधा त्याच्या हातात दिसेपर्यंत तिथेच बसून राहिले. बसून राहणं हे माझं मुख्य हत्यार होतं. सरकारी बाई कारखान्यात नुसती बसली, बोलली नाही, की दोन तासांत माणसं रंधा शोधून काढतात.

उमेदवारांचंही सांगायला हवं, नाहीतर मी त्यांचीच वकील वाटेन. जुलैमध्ये धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली की माझे निम्मे उमेदवार आजारी पडत. सगळे एकाच पंधरवड्यात, सगळ्यांना ताप, आणि परत येत तेव्हा सगळ्यांच्या नखांत बांधीचा चिखल. धानाच्या मुलखात रोवणी टाळून कोणी वीज शिकणार नाही हे मला माहीत होतं. मीही ब्रह्मपुरीकडचीच. ते दिवस वर्षाच्या शेवटी भरून घ्यायचे, असा माझा तोडगा होता. तो कुठल्या परिपत्रकात नव्हता, पण कोणाचं त्यावाचून अडलंही नाही.

आता सिंधूचं सांगते.

सिंधू मडावी कुरखेड्यापलीकडच्या एका गावची. आयटीआयत मुलींच्या शिवणकामाच्या जागा भरल्या आणि वीजकामाची एक जागा रिकामी राहिली, म्हणून ती वीजकामाला गेली. पास झाली. तिला मोटारींच्या वाइंडिंगचं काम शिकायचं होतं. मोटार जळते म्हणजे तिच्या आतल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं जळतं. ते काढून त्याच मापाचं नवं बसवायचं, हे वाइंडिंग. आमच्या दोन जिल्ह्यांत मुलीला या कामावर घेणारा कोणी नव्हता. मी सात ठिकाणी विचारलं. आठवे लांजेवारभाऊ निघाले.

लांजेवारभाऊंची वडशाला धानाची गिरणी होती आणि तिला लागून मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना. आसपासच्या गिरण्यांच्या मोटारी तिथेच येत. त्यांची हरकत एवढीच होती की मुलींसाठी वेगळी सोय नाही. मी म्हटलं, ती कायद्याने तुम्ही केव्हाच करायला हवी होती. पुढच्या वेळी गेले तर बांबूच्या तट्ट्यांची भक्कम आडोशाची खोली उभी होती. माणूस वाईट नव्हता. हिशेबी होता, आणि दिलेला शब्द तेवढा पाळणारा.

करारनाम्यावर पालकाची सही घ्यायला सिंधूचे वडील आले. मी अटी वाचून दाखवल्या. वर्षभराचा करार, कामाचे तास, रजा. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. शेवटी म्हणाले, "म्हंजे बाई, पोरीले सालच लावून राह्यलो ना मी?"

साल लावणं म्हणजे वर्षभरासाठी सालदार म्हणून कोणाच्या शेतावर राबायला जाणं. त्यांनी स्वतः तरुणपणी चार सालं केली होती. मी सांगितलं, सालदार मालकाच्या कामासाठी राबतो. ही स्वतःच्या शिकण्यासाठी राबणार. मालकाने हिच्याकडून दुसरं काम करून घेतलं तर गुन्हा त्याच्यावर. त्यांना ते फारसं पटलं नाही. अंगठा लावायच्या आधी ते लेकीकडे वळून म्हणाले, "एकच साल. परीक्षा पास झाली त आपल्या मनानं जिथी जायचं तिथी जाय. नाई झाली त घरी येशीन आन् मी सांगन तिथी लगन करशीन." सिंधूने मान हलवली. दोघांच्या मधल्या त्या कराराला कुठलीच नोंदणी नव्हती, पण छापील करारापेक्षा तो पक्का होता, हे मला दिसलं.

वडशाला तिची मावशी राहायची. तिथून ती कामावर येऊ लागली.

कारखान्यात शिकवणारा माणूस एकच होता, कवडू मिस्त्री. पन्नाशीचे, बारीक, सुपारी चघळणारे. लांजेवारभाऊंकडे बावीस वर्षं. मोटार सुरू करून तिच्या अंगावर तळहात ठेवला की ते आत काय बिघडलंय ते सांगत, आणि उघडल्यावर तेच निघे. हिवाळ्यात झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या भागातली, नाटकं सुरू झाली की हेच मिस्त्री रंगमंचावर दुष्ट दिवाण होत. गावोगावच्या मंडळांचं त्यांना बोलावणं येई. बाजारात बायका त्यांना पाहून एकमेकींना कोपर मारत. नाटकाच्या दिवसांत दोन-तीन दिवसांची रजा हा मिस्त्रींचा अलिखित हक्क होता आणि लांजेवारभाऊ तो मानत.

नवीन उमेदवाराला मिस्त्री पहिले तीन महिने कामट्या सोलायला लावत. मोटारीच्या खाचेत तार भरून झाली की ती बाहेर येऊ नये म्हणून वर बांबूची पातळ कामटी ठोकतात. चांगला वाळलेला बांबू, गुळगुळीत कामटी, एक सूत जाड झाली तर खाचेत जात नाही, एक सूत बारीक झाली तर मोटारीच्या थरथरीने निसटते. सिंधूने हजारो सोलल्या असतील. तिची बोटं टेंभराच्या खोडासारखी खरखरीत झाली. मग मिस्त्रींनी तिला फर्म्यावर, म्हणजे वेटोळ्याच्या साच्यावर, तार गुंडाळायला दिली, मग खाचेत भरायला, मग वार्निश करायला. मी पहिल्या भेटीला गेले तेव्हा कामट्यांचा ढीग पाहिला, दुसऱ्या भेटीला तिने भरलेली एक मोटार पाहिली. अशी नेटकी, की मला त्यातलं काही कळत नसूनही कळलं. नोंदवही उघडली. कारखान्याच्या कारकुनाने छान अक्षरात दर आठवड्याचं शिक्षण लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती: 'जुन्या वाइंडिंगची माहिती घेणे.' समोर मिस्त्रींची सही. त्याखाली मी माझी केली. ब्रह्मपुरीची एसटी सुटायला वीस मिनिटं होती.

ती ओळ काय होती ते मला तेव्हा विचारायला हवं होतं.

जानेवारीत लांजेवारभाऊंचा अर्ज आला. सिंधू मडावी हिच्या निष्काळजीपणामुळे गिरणीची मोठी मोटार जळाली, तरी करार रद्द करण्यास परवानगी द्यावी. उमेदवाराला काढायचं तर मालकाला आमच्याकडे अर्ज करावा लागतो आणि निर्णय माझ्या अहवालावर होतो. करार रद्द म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा नाही म्हणजे बापाशी केलेला करार लागू. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वडशाला गेले.

झालं होतं ते असं. नवं धान आलेलं, गिरणीच्या अंगणात लोकांच्या पोत्यांच्या थप्प्या. अशात गिरणीचीच मोटार जळाली. मिस्त्री आरमोरीकडे नाटकाला गेलेले, यायला तीन दिवस. लांजेवारभाऊंनी नोंदवही काढली, त्यात सिंधूला सगळं शिकवल्याचं लिहिलेलं होतं. त्यांनी तिला मोटार भरायला सांगितली. ती म्हणाली, मिस्त्रीभाऊ येऊ द्या. भाऊ म्हणाले, मग सात महिने शिकली काय? तिने मोटार उघडली, जुनी तार काढली, मोजली, तेवढीच नवी भरली. मोटार रिकामी छान फिरली. भाऊंनी तिला शाबासकीही दिली. मग गिरणीत धान सोडलं. मोटार गुंगायला लागली, फिरेना, आणि थोड्या वेळात तिच्यातून धूर निघाला.

मी पोचले तेव्हा जळकी मोटार कारखान्याच्या मधोमध जमिनीवर होती. लांजेवारभाऊ खुर्चीत, सिंधू मोटारीजवळ उकिडवी, मिस्त्री दाराशी. ते आदल्या दिवशीच परतले होते आणि डोळ्यांत अजून नाटकाचं काजळ होतं. पोती घेऊन आलेले दोघं-तिघं बाहेरून वाकून पाहत होते.

भाऊंनी त्यांची बाजू सांगितली. आवाज चढवला नाही. गिरणी चार दिवस बंद आहे, लोक आपलं धान उचलून दुसरीकडे नेत आहेत, आणि पोरीने जे तिला शिकवलंय त्यात चूक केली, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कागदाप्रमाणे ते खरं होतं.

मी सिंधूला म्हटलं, मला वाइंडिंग कळत नाही असं समज आणि काय केलंस ते पहिल्यापासून सांग. समजायची गरज नव्हती, मला खरंच कळत नव्हतं. तिने सांगितलं. छन्नीने एका बाजूची वेटोळ्यांची डोकी तोडली. तोडलेल्या तोंडाशी तारा मोजल्या. एका वेटोळ्यात अठ्ठेचाळीस निघाल्या. गेज, म्हणजे तारेची जाडी, मोजला. त्याच गेजची तार घेऊन अठ्ठेचाळीस फेरे दिले. "खाच बरोबर भरली बाई. कामटी बी बरोबर बसली. एक तार कमी नाई, एक जास्त नाई."

"मग जळाली काऊन?" भाऊंनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. मोटार जळाल्यापासून तिने त्यावर विचार केला होता आणि तिला अजून माहीत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. निष्काळजी माणसाचा चेहरा मी ओळखते. तो आधीच काहीतरी कारण तयार ठेवतो.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

मी विचारलं, "मिस्त्रीभाऊ, तुम्ही तोडता ती बाजू कोणती? हिने तोडली तीच?"

त्यांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. सिंधूने मात्र मान वर केली. तिलाही तो प्रश्न नवा होता. ती हळूच म्हणाली, की मिस्त्रीभाऊ तोडताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. ते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, मागच्या खोलीचं दार लावून तोडतात. ती येते तेव्हा मोटार मोकळी झालेली असते आणि मिस्त्री फेरे आणि गेज तोंडी सांगतात. आकडे त्यांच्या वहीत असतात. वही त्यांच्या सदऱ्याच्या आत.

मी नोंदवही उघडली. 'जुन्या वाइंडिंगची माहिती घेणे.' कारकुनाचं अक्षर, मिस्त्रींची सही, माझी सही. त्या क्षणी मला आणखी एक गोष्ट आठवली, जी आधी आठवायला हवी होती. या कारखान्यातून आधीचे दोन उमेदवार परीक्षेला बसले होते आणि दोघंही नापास झाले होते. परीक्षेत एक जुनी मोटार समोर ठेवतात आणि म्हणतात, हिची माहिती काढ. दोघंही तिथेच अडले होते. पोरं मठ्ठ निघाली असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं आणि पुढच्या फायलीला लागले होते.

आता पेच असा होता. ही ओळ खरी मानली तर सिंधू दोषी आणि तिचं वर्ष गेलं. खोटी मानली तर कारकून, मिस्त्री आणि मी, तिघंही खोटे. कारखान्याची मान्यता काढून घ्यावी म्हटलं तरी तिचंच वर्ष जाणार, कारण नववा मालक माझ्याकडे नव्हता.

मी फार विचार केला असं म्हणणार नाही. पेन काढलं, माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'हे शिक्षण दिल्याचं मी पाहिलेलं नाही. न पाहता सही केली.' तारीख घातली. नोंदवही भाऊंच्या हातात दिली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली.

"मॅडम, हे तुमच्यावरच येईन ना?"

मी म्हटलं, येईल. आणि नोंदवही परत घेऊन मिस्त्रींपुढे केली. त्यांना काही सांगितलं नाही. बसून राहिले.

मिस्त्रींनी नोंदवही हातात धरली. सुपारी थुंकून आले. मग जळक्या मोटारीपाशी बसले आणि सिंधूने तोडलेल्या बाजूवर बोट ठेवलं.

"पोरीनं छन्नी चुकीच्या बाजूनं लावली. पन बरोबर बाजू मी तिले दाखवलीच नाई. तिले नाई, त्याच्या आधीच्याईले नाई. कोनालेच नाई."

भाऊंनी विचारलं, "काऊन, कवडू?"

"दाखवतो त उद्या तुमाले माही गरज काऊन राहीन? बावीस वर्सं झाली, भाऊ. माह्यापाशी तुमचा एक कागद नाई. हे सदऱ्यातली वही हाय, म्हनून मी हाय."

मग मिस्त्रींनी, जणू ते वाक्य दुसऱ्याच कोणी उच्चारलं होतं, सिंधूला जवळ बोलावलं आणि चूक दाखवली. मीही वाकून पाहिली, आणि ती इतकी सोपी निघाली की राग यावा.

खाट विणताना काहीजण सुतळी दुहेरी घेतात. विणून झाल्यावर मधोमध कापून सुतळ्या मोजल्या तर अठ्ठेचाळीस भरतील, पण विणणाऱ्याने फेरे चोवीसच दिलेले असतात. सुतळी एकेरी होती की दुहेरी हे फक्त गाठीपाशी कळतं. मोठ्या मोटारीत तार अशीच दुहेरी घेतात. जिथे वेटोळ्यांची टोकं एकमेकांना जोडलेली असतात ती गाठीची बाजू. ती शेवटपर्यंत तोडायची नाही. तोडायची ती पलीकडची. आयटीआयत लहान, एकेरी तारेच्या मोटारी असतात, तिथे कुठूनही तोडलं तरी चालतं. सिंधूने गाठीची बाजू तोडली, अठ्ठेचाळीस तारांचे अठ्ठेचाळीस फेरे केले. खाच नीट भरली, मोटार फिरली, पण तिच्यात धान ओढण्याचा जोरच नव्हता.

"समजलं?" मिस्त्रींनी विचारलं.

सिंधू म्हणाली, "समजलं. आधीच सांगतलं असतं त भाऊचं धान थांबलं नसतं." मिस्त्रींना ती याआधी कधी उलटून बोलली नसावी, कारण ते चमकले, आणि मग त्यांना हसू आलं.

ती मोटार मिस्त्रींनी आणि सिंधूने मिळून दोन दिवसांत भरली. मी तिथेच थांबले, वडशाला माझ्या आत्येसासूंकडे. मिस्त्रींच्या त्या एका वाक्याचं काय करायचं हे मला सुचत नव्हतं. ते बरोबर होतं. करारात मालकाला काय मिळतं ते लिहिलं होतं, शिकणाऱ्याला काय मिळतं ते लिहिलं होतं. ज्याच्या हातातून विद्या जायची, त्याचं नावही कुठे नव्हतं. मग त्याने वही सदऱ्याच्या आत ठेवली तर त्याला काय म्हणणार?

निघण्यापूर्वी मी लांजेवारभाऊंना सांगितलं, की तुमचा अर्ज आता टिकणार नाही, आणि करार चालू ठेवायचा तर शिकवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि नेमणुकीचं पत्र माझ्या फायलीला लागेल. नाव आणि हुद्दा खरोखरच लागत होता. पत्राचं मी माझ्या पदरचं घातलं. भाऊंना ते कळलं असावं. पण त्यांनी कारकुनाला हाक मारली आणि बावीस वर्षांनी कवडू मिस्त्रींना कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. मिस्त्रींनी ते घडी करून सदऱ्याच्या आत ठेवलं, वहीच्या जागी. मोटार भरताना बाहेर काढलेली वही मेजावर राहिली.

सिंधूने ती हातात घेतली तर मिस्त्री म्हणाले, "माही नको. तुही बनव. पहिली हेच मोटर लिही, जळाली ते." तिने तसंच केलं.

कार्यालयाने माझा खुलासा मागवला. न पाहता सही का केली? मी लिहिलं, एसटी सुटत होती. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'कामात हलगर्जी' असा शेरा आहे, आणि तो बरोबर आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. आधीच्या दोन नापास उमेदवारांचं वाटतं. त्यांना मी पत्रं पाठवली, पुन्हा परीक्षेला बसा, मिस्त्री शिकवतील. एकाचं पत्र परत आलं, तो नागपूरला गेला होता. दुसऱ्याने उत्तर दिलं नाही. त्यांच्या बाबतीत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

परीक्षेच्या दिवशी सिंधूपुढे जुनी मोटार ठेवली. तिने छन्नी उचललीच नाही. मोटार एकदा फिरवून पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली. परीक्षकांना वाटलं, मुलगी घाबरली. मग तिने पलीकडच्या बाजूला खडूने खूण केली आणि कामाला लागली. निकाल लागल्यावर मी तिच्या घरी मुद्दाम गेले. अंगणात तिचे वडील होते. मी प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "फिटलं साल." लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही. शब्द म्हणजे शब्द.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. करारनाम्यावर छापील तीन सह्यांच्या खाली पट्टीने एक चौथी ओळ आखायची आणि तिच्यापुढे लिहायचं: 'शिकवणारा'. त्या माणसाला बोलावून, अटी वाचून दाखवून, त्याची सही घ्यायची. कार्यालयातून विचारणा झाली की नमुन्यात नसलेली ओळ का आखता. मी कळवलं, नमुन्यात ओळ आखू नये असंही लिहिलेलं नाही. फाइल बरीच वर फिरून आली आणि तिच्यावर काही न लिहिता परत माझ्या टेबलावर ठेवली गेली. सरकारात याला परवानगी म्हणतात.

चौथ्या ओळीने सगळे मिस्त्री दिलदार झाले असं नाही. चिमूरच्या एका फिटरने सही केली आणि तरीही वर्षभर उमेदवाराला गाडी धुवायला लावली. पण बहुतेकांना, आपलं नाव सरकारी कागदावर आलं की, ते नाव खराब होऊ नये असं वाटतं. वकूब असलेल्या माणसाकडून काम काढायला त्याहून स्वस्त उपाय मला नोकरीत दुसरा सापडला नाही.

दशक संपता संपता सिंधूचं पत्र आलं. आधी तिने एका खाणीच्या कारखान्यात काम केलं, मग कुरखेड्याला स्वतःचं दुकान टाकलं, शेतपंपाच्या मोटारी भरण्याचं. आता तिला एक उमेदवार ठेवायचा होता. एवढ्या लहान दुकानाला उमेदवार ठेवण्याची सक्ती नाही. स्वखुशीने ठेवता येतो. स्वखुशीने मागणारा मालक माझ्या नोकरीतला तो तिसरा. मी कागद घेऊन गेले.

दुकान लहान होतं. दारात वाळत घातलेल्या बांबूच्या कामट्या, आत दोन मोटारी उघड्या. मागे खाटेवर कवडू मिस्त्री बसले होते. लांजेवारभाऊंच्या मुलाने गिरणी हातात घेतल्यावर मिस्त्री रीतसर निवृत्त झाले होते आणि नाटकाचे दिवस सोडून इथे येऊन बसत. ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यातली मुलगी उमेदवार म्हणून आली होती, तिची आईही. मुलीने सही केली, आईने अंगठा लावला. सिंधूने मालकाच्या जागी सही केली, आणि माझी पट्टीने आखलेली ओळ पाहून थांबली.

मी म्हटलं, इथेही तूच. मालकही तू आणि शिकवणारीही तू.

"नाई बाई," ती म्हणाली. "हे सही त्याईची."

तिने कागद खाटेकडे नेला. मिस्त्रींनी चष्मा लावला, अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, नव्या मुलीकडे एकदा पाहिलं. मग पेन हातात धरून विचारलं, "वही दाखवा लागन का?"

सिंधू तोवर परत मोटारीपाशी जाऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लागन."

मिस्त्रींनी सही केली. मी शिक्का मारला.